पायाच्या फुगलेल्या शिरा: न भाजता, न कापता उपचार करून घ्यायचे तर

धाकट्या लेकीच्या वेळी सातव्या महिन्यात माझ्या डाव्या पोटरीवर पहिल्यांदा निळी शीर उठली. बाळंतपण झालं की जाईल, असं सगळ्यांनी सांगितलं. ती गेली नाही. पुढच्या पंधरा वर्षांत गुडघ्याच्या आतल्या बाजूपासून घोट्यापर्यंत गांडुळांचा गुंता बसल्यासारखं जाळं झालं. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते, म्हणजे दिवसातले पाच तास फळ्यापुढं उभी. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायचा आणि रात्री पाय उशीवर ठेवल्याशिवाय झोप लागायची नाही.

त्या पायावर उपचार झाले तेव्हापासून ओळखीच्या बायका विचारायला येतात. "अक्का, माझेबी पाय दुखूलालेत, तू काय केलीस?" वडगावात मागावर दिवसभर उभी राहणारी शेजारीण आली, निपाणीची विड्या वळणारी मावशी आली, शाळेतले शिपाईमामाही आले. तिघांबरोबर मी दवाखान्यातही गेले. त्यांना जे क्रमानं सांगितलं तेच इथं लिहिते. मी डॉक्टर नाही. पण कुठं काय विचारायचं हे माहीत असलं तर पैसा आणि वर्षं दोन्ही वाचतात, हे मी स्वतः पाहिलंय.

पहिली पायरी: 'नस' म्हणजे नेमकं काय, ते डॉक्टरांना सांगा

आपण शिरेलाही नस म्हणतो, मज्जातंतूलाही नसच म्हणतो, आणि पोटरीत गोळा आला तरी 'नस चढली' म्हणतो. कन्नडमध्येही 'नर' या शब्दाचं तेच होतं. त्यामुळं "नस दुखते" एवढंच सांगितलं की कधी कंबरेचा एमआरआय होतो, कधी बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या मिळतात. शिपाईमामांनी अशा गोळ्या वर्षभर खाल्ल्या. म्हणून पँट किंवा साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन, उभं राहून, फुगलेली शीर बोटानं दाखवा. आडवं झालं की ती बसते आणि दिसत नाही. सरकारी दवाखान्यात समोर कन्नड बोलणारे डॉक्टर असतील तर 'उब्बिद रक्तनाळ' म्हणा, लगेच कळेल. बाकी 'व्हेरिकोज व्हेन' हा शब्द आता सगळीकडेच चालतो.

आत काय बिघडलेलं असतं तेही थोडक्यात समजून घ्या, कारण पुढचे सगळे उपचार त्यावरच उभे आहेत. पायातलं रक्त वर हृदयाकडं चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. शिरांमध्ये जागोजागी छोट्या झडपा असतात. त्या रक्ताला वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. झडप सैल पडली की रक्त उलटं खाली येतं, साठतं आणि शीर फुगते. बहुतेकांमध्ये ही गळती त्वचेखालच्या लांब शिरेत असते. ती घोट्यापासून मांडीच्या आतल्या बाजूनं जांघेपर्यंत जाते. दुसरी एक आखूड शीर पोटरीच्या मागून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत येते, ती काहींची बिघडते. बाहेर दिसतात ते गुंते या दोघींच्या फांद्या. नळाची मुख्य पाईप गळत असताना भिंतीवरची ओल पुसत बसलं तर काय होईल? फक्त दिसणाऱ्या गुंत्यावर इंजेक्शन मारून घेतलं तर तेच होतं.

कुणी जळवा लावतं, कुणी गरम तेलानं चोळतं, कुणी बिब्बा घालतं. सैल झडप यातल्या कशानंही घट्ट होत नाही. उष्णतेनं शिरा आणखी पसरतात आणि बिब्ब्यानं कातडी भाजते. आधीच नाजूक झालेल्या कातडीवर ती जखम महिनोन्महिने भरत नाही. हे मी मावशीच्या पायावर पाहिलंय, म्हणून कळकळीनं सांगते.

दुसरी पायरी: किती घाई आहे ते ओळखा

नुसत्या केसासारख्या बारीक लाल-निळ्या रेषा असतील आणि त्रास नसेल, तर काहीच घाई नाही. शिरा 3 मिलिमीटरपेक्षा जाड झाल्या, संध्याकाळी पाय जड होतात, सूज येते, रात्री गोळे येतात, तर महिन्या-दोन महिन्यांत तपासून घ्या. घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तपकिरी-काळी पडली, खाज सुटते, कातडी कडक चामड्यासारखी लागते, तर पुढच्याच आठवड्यात जा. तिथंच पुढं जखम होते. जखम झालीच असेल तर आता 'आधी जखम भरू दे, मग शिरेचं बघू' असं थांबत नाहीत. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हे तपासलं होतं. शिरेवर लवकर उपचार केलेल्यांची जखम साधारण 56 दिवसांत भरली, थांबलेल्यांची 82 दिवसांत.

दोन गोष्टींत मात्र एक तासही थांबू नका. एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर आतल्या खोल शिरेत गुठळी झालेली असू शकते, लगेच दवाखाना गाठा. त्यात छातीत कळ किंवा धाप असेल तर 108 ला फोन करा, आणि तो पाय चोळू नका, दाबून घेऊ नका. दुसरं, फुगलेली शीर खरचटून फुटली तर रक्त धारेनं येतं आणि माणूस घाबरून उभाच राहतो. लगेच आडवं व्हा, पाय छातीच्या वर उचला, स्वच्छ फडकं घडी करून त्याच जागी दहा मिनिटं घट्ट दाबून धरा. वर दोरी किंवा पंचा आवळून बांधू नका.

तिसरी पायरी: डॉप्लर, आणि तोही उभं राहून

सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल तर हे राहू दे. डॉप्लर म्हणजे शिरेतलं रक्त कुठल्या दिशेला जातंय ते दाखवणारी सोनोग्राफी. उपचार कुठला हे ती झाल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. माझ्या बाबतीत पहिल्या ठिकाणी पायाकडं एकदा बघून लेझरचं पॅकेज पुढं ठेवलं गेलं, 'या आठवड्यात सवलत आहे' म्हणून. डॉप्लर विचारला तर "तो ऑपरेशनच्या दिवशी करू" असं उत्तर मिळालं. मी उठून आले. नंतर दुसरीकडं नीट तपासणी झाली तेव्हा कळलं की माझी जांघेतली झडप चांगली होती, गळती गुडघ्याच्या जरा वर सुरू होत होती. मांडीचा वरचा भाग बंद करायची गरजच नव्हती.

ही तपासणी कशी होते ते सांगते, कारण निम्म्या बायका लाजेनं टाळतात. सैल परकर किंवा अर्धी चड्डी घालून जा. सोनोग्राफी करायला महिला डॉक्टर हव्या असतील तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, बेळगावात मिळतात. एका ठेंगण्या स्टुलावर उभं करतात, वजन दुसऱ्या पायावर घ्यायला सांगतात. मांडीला थंडगार जेल लावून यंत्राचा दांडा फिरवतात. मग पोटरी हातानं पटकन दाबून सोडतात. दाबलं की मशीनमधून 'फूऽस' असा आवाज येतो, ते रक्त वर जातंय. सोडल्यावर शांतता हवी. माझ्या पायात सोडल्यावरही आवाज येतच राहिला, उतारावरून पाणी यावं तसा, आणि पडद्यावर निळ्याचा लाल रंग झाला. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ रक्त उलटं आलं तर वरच्या, म्हणजे त्वचेजवळच्या, शिरांमध्ये गळती धरतात. दुखत काही नाही. नीट करायचं तर दोन्ही पायांना अर्धा-पाऊण तास जातो. तुम्हाला झोपवून पाच मिनिटांत आटपलं तर ती तपासणी गुठळी बघण्यापुरती झाली, गळतीची झाली नाही. विनम्रपणे पण स्पष्ट विचारा, "उभं राहून रिफ्लक्स बघितला का?" रिफ्लक्स म्हणजे हे उलटं येणारं रक्त.

रिपोर्ट हातात आला की हे शब्द शोधा. 'जीएसव्ही' म्हणजे ती लांब शीर, 'एसएसव्ही' म्हणजे मागची आखूड. 'एसएफजे' म्हणजे जांघेतला सांधा, जिथं लांब शीर खोल शिरेला मिळते. 'इनकॉम्पिटंट' म्हणजे तिथली झडप गळते. 'परफोरेटर' म्हणजे वरच्या आणि खोल शिरांना जोडणारे आडवे दुवे. आणि 'डीप व्हेन्स पेटंट, कम्प्रेसिबल' हे वाचलं की निश्वास सोडा. इथं पेटंट म्हणजे उघडी, न तुंबलेली. खोल शिरांत गुठळी नाही. तसं लिहिलं नसेल तर पुढं जाण्याआधी विचारा, कारण खोल शिरा तुंबलेल्या असतील आणि वरच्याच शिरांवर रक्ताची वाहतूक अवलंबून असेल, तर वरच्या बंद करणं घातक ठरू शकतं. शिरेची जाडी मिलिमीटरमध्ये दिलेली असते, तीही बघून ठेवा. कधी 'सी 2', 'सी 4' असा शेरा दिसतो, ती आजाराची पायरी. सी 2 म्हणजे फुगलेल्या शिरा, सी 3 सूज, सी 4 कातडीत बदल, सी 5 भरलेली जखम, सी 6 उघडी जखम.

मधुमेह असेल, विडी-सिगारेटची सवय असेल, किंवा चालताना पोटऱ्या भरून थांबावं लागत असेल, तर घोट्यातला आणि हातातला रक्तदाब मोजून तुलना करायला सांगा. पायाला रक्त पुरवणारी धमनीच चोंदलेली असली तर घट्ट मोजे आणि पट्ट्या उलट पाय घालवतील.

चौथी पायरी: उष्णता नसलेले उपचार समजून घ्या

लेझर आणि रेडिओफ्रीक्वेन्सी या दोन्हीत शीर आतून तापवून बंद करतात. रेडिओफ्रीक्वेन्सीत साधारण 120 अंश सेल्सिअस उष्णता असते. ती आजूबाजूला लागू नये म्हणून शिरेच्या कडेनं, मांडीपासून पोटरीपर्यंत, भूल मिसळलेलं पाणी भरायला ओळीनं सुया टोचतात. गुडघ्याखाली शिरेला चिकटूनच संवेदनेचे मज्जातंतू असतात, तिथं उष्णतेनं बधिरपणा येण्याचा धोका राहतो. तरीही हे वाईट उपचार आहेत असं समजू नका. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं 2013 मध्ये दिलेल्या क्रमात उष्णतेचे उपचार पहिले आहेत, मग फोम, मग कापून काढणं. माझं सांगणं एवढंच, की उष्णतेशिवायचे पर्यायही आहेत आणि काही पायांना तेच जास्त जमतात. गळती गुडघ्याखाली असेल, मागची आखूड शीर असेल, जखमेजवळची शीर असेल, सुयांची प्रचंड भीती असेल, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करणं अवघड असेल, तेव्हा हे पर्याय मुद्दाम विचारावेत.

*फोम.* यात शीर आतून चिडवून तिच्या भिंती एकमेकींना चिकटवणारं औषध देतात. पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट. नुसतं पातळ औषध रक्तात मिसळून फिकं होतं, म्हणून त्याचा फेस करतात. मी टेबलावर पडल्या पडल्या बघितलं. दोन सिरिंज तीन तोंडांच्या तोटीला जोडलेल्या, एकीत एक भाग औषध, दुसरीत चार भाग हवा. दोन्हीकडून खालीवर, खालीवर, वीसेक वेळा, आणि काचेसारखं पाणी दाढीच्या साबणासारखं पांढरं घट्ट झालं. ही रीत इटलीच्या टेसारी यांनी 2000 साली दाखवली. तो फेस दोन मिनिटांत विरायला लागतो, म्हणून लगेच, सोनोग्राफीत बघत बघत, बारीक सुईनं शिरेत सोडतात. फेस रक्ताला पुढं ढकलतो आणि भिंतीला लागून राहतो. मला थोडी जळजळ आणि पोटरीत गोळा आल्यासारखं वाटलं, पाच मिनिटांत थांबलं.

फोमचं मोठं बळ म्हणजे तो वेड्यावाकड्या फांद्यांतही शिरतो, जिथं नळी जात नाही. एकदा उपचार होऊन पुन्हा उठलेल्या शिरांवर, जखमेखालच्या शिरांवर त्याच्याइतकं सोपं काही नाही, आणि सगळ्यात स्वस्तही तोच. पण दोष स्पष्ट सांगते. एका बैठकीत साधारण 10 मिलिलिटरपेक्षा जास्त फोम देत नाहीत, म्हणून दोन-तीन फेऱ्या होतात. जाड शीर पुन्हा उघडण्याचं प्रमाण इतर उपचारांपेक्षा जास्त. लेझर, फोम आणि शस्त्रक्रिया यांची ब्रिटनमध्ये पाच वर्षं तुलना झाली, तिचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. त्यात पायाच्या त्रासाच्या बाबतीत फोमवाले मागं राहिले. शिरेच्या रेषेवर तपकिरी डाग पडतो, तो जायला कित्येक महिने लागतात. माझा दहा महिने होता. काहींना फोमनंतर काही मिनिटं डोळ्यांपुढं काजवे चमकतात, खोकला येतो किंवा डोकं दुखतं. अर्धशिशी असेल, हृदयाच्या पडद्याला छिद्र असल्याचं माहीत असेल, पूर्वी पक्षाघात झाला असेल, तर आधीच सांगा.

*गोंद.* ऐकून हसू येतं, पण आपल्या घरातल्या फेव्हिक्विकच्याच कुळातला, सायनोअॅक्रिलेट जातीचा, शरीरासाठी बनवलेला गोंद असतो. अमेरिकेत व्हेनासील या नावानं त्याला 2015 मध्ये मान्यता मिळाली. आता वेगवेगळ्या कंपन्यांचे संच आहेत आणि प्रत्येकाची रीत थोडी वेगळी. व्हेनासीलची रीत अशी: गुडघ्याच्या आसपास एकाच ठिकाणी भूल देऊन बारीक नळी शिरेत सरकवतात. तिचं टोक जांघेतल्या सांध्यापासून 5 सेंटिमीटर अलीकडं थांबवतात, म्हणजे गोंद खोल शिरेत जाऊ नये. मग 0.1 मिलिलिटरचे थेंब सोडत नळी मागं घेतात आणि वरून दाबून धरतात, पहिल्यांदा तीन मिनिटं, नंतर दर 3 सेंटिमीटरला अर्धा मिनिट. ओळीनं सुया नाहीत, नंतर घट्ट दाबाचे मोजेही बहुतेकदा लागत नाहीत. मागावरच्या शेजारणीनं हाच उपचार करून घेतला, कारण उन्हाळ्यात कारखान्यात मोजे घालून उभं राहणं तिला शक्यच नव्हतं. अमेरिकेतल्या तुलनेत तीन वर्षांनी गोंदानं बंद केलेल्या शिरा 94 टक्के बंद राहिल्या होत्या, रेडिओफ्रीक्वेन्सीच्या 92 टक्के. म्हणजे दोघं बरोबरीचे.

दोष असे. संच महाग. गोंद आत राहतो, काढता येत नाही. आठवड्याभरानं मांडीवर शिरेच्या रेषेत लाल, खाजरी, दुखरी पट्टी उठू शकते. शेजारणीला उठली होती, गोळ्यांनी आठ दिवसांत गेली. खूप कमी जणांत शरीर त्या गोंदाला स्वीकारतच नाही आणि गाठी होतात. चिकटपट्टीनं, नकली नखांच्या किंवा पापण्यांच्या गोंदानं अंगावर उठत असेल, तर गोंदाचा विचार सोडून द्या. आणि गोंद फक्त सरळ मुख्य शिरेसाठी. बाहेरच्या गुंत्यांना नंतर फोम किंवा चिमटा (तो पुढं सांगते) लागतोच. हे आधी विचारून घ्या, नाहीतर 'गोंद लावला तरी गाठी तशाच' म्हणून निराशा होते.

*फिरती तार.* क्लॅरिव्हेन नावाच्या साधनात नळीच्या टोकाला वाकडी तार असते. ती मिनिटाला 3500 फेऱ्यांपर्यंत फिरत शिरेची आतली भिंत खरवडते आणि त्याच वेळी फोममधलंच औषध, पातळ स्वरूपात, तिथं पडतं. भूल फक्त टोचण्याच्या जागी. हे सगळीकडं मिळेलच असं नाही, म्हणून इथं फार लिहीत नाही.

*चिमटा.* फुगलेल्या फांद्या जागेवर भूल देऊन 2-3 मिलिमीटरच्या छेदांतून आकडीनं ओढून काढतात. टाका बहुतेकदा लागत नाही. यातही उष्णता नाही, आणि मोठ्या गुंत्यांना हाच सगळ्यात स्वच्छ उपाय, असं मला माझ्या पायावरून वाटतं. माझी मुख्य शीर फोमनं आणि गुंते चिमट्यानं गेले. फोमवरच सगळं सोडलं असतं तर डाग आणखी पडले असते.

मोजे आणि गोळ्या यांचं स्थान वेगळं. दाबाचे मोजे वर्गांत मिळतात. दुसऱ्या वर्गाच्या (क्लास 2) मोज्यांचा दाब पाऱ्याच्या 23 ते 32 मिलिमीटर असतो. त्यांनी जडपणा, सूज कमी होते, पण झडप दुरुस्त होत नाही. शिरांच्या त्रासावर देतात त्या डायॉस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्यांचंही तेच. गरोदरपणात मात्र मोजे हाच मार्ग, शीर बंद करायचे उपचार बाळंतपणानंतर काही महिन्यांनी. मोज्यांचं माप सकाळी, सूज चढण्याआधी, घोटा, पोटरी आणि मांडी मोजून घ्या. 'मीडियम द्या' म्हणून आणलेला मोजा गुडघ्यामागं गोळा होतो आणि दोरीसारखा आवळतो.

पाचवी पायरी: कुठं जायचं, पैसे कसे

व्हॅस्क्युलर सर्जन (रक्तवाहिन्यांचे सर्जन), इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (सोनोग्राफी किंवा एक्सरेत बघत सुई-नळीनं उपचार करणारे), किंवा हे काम नियमित करणारे जनरल सर्जन, यांच्यापैकी कुणीही चालतील. विचारायचा प्रश्न एकच: "तुमच्याकडं यातले कुठले कुठले उपचार होतात?" ज्यांच्याकडं एकच यंत्र आहे त्यांना प्रत्येक पाय त्याच यंत्रासाठी जन्मलेला दिसण्याचा धोका असतो. बेळगावात नेहरूनगरचं केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल आणि बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजचं जिल्हा रुग्णालय आहे. निपाणी-चिकोडीकडचे लोक कोल्हापूर-मिरजेला जातात, कारवारचे आणि खानापुरातलेही काही गोव्याला बांबोळीला, बिदर-भालकीकडचे हैदराबादला. पुण्याला नातेवाईक आहेत म्हणून तिकडं उपचार करायची ओढ मी समजू शकते. पण फोमला फेऱ्या होतात, नंतरचे डॉप्लर असतात, आणि उपचारानंतर लगेच सहा-सात तास गाडीत बसणं गुठळीला आमंत्रण आहे. जवळ होत असेल तर जवळच करा.

कर्नाटकात 2018 पासून आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या 30 टक्के. बहुतेक उपचारांना आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, म्हणून थेट खासगीत जाऊन मग कार्ड काढू नका. महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला. तुमचं गाव यादीत असेल तर कोल्हापूर-मिरजेकडच्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनीसाच्या) टेबलावर रेशनकार्ड दाखवून विचारा. दोन्ही राज्यांत प्रश्न हाच विचारायचा, की माझ्या रिपोर्टवर *हा* उपचार बसतो का. खासगी विमा असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीत सूज, कातडीतले बदल, जखम, रक्तस्राव जे असेल ते लिहून घ्या. नुसतं 'व्हेरिकोज व्हेन' लिहिलं की सौंदर्योपचार म्हणून क्लेम अडतो.

संमतीचा कागद कन्नड किंवा इंग्रजीत असेल. सही करायची घाई करू नका. मावशीच्या वेळी मी तिथल्या सिस्टरना म्हटलं, "ताई, हे आम्हाला मराठीत वाचून सांगा." त्यांनी शांतपणे दहा मिनिटं बसून सांगितलं. कोणता पाय, कोणती शीर, कोणता उपचार, खोल गुठळीचा धोका, ही चार उत्तरं मिळाल्यावर अंगठा उठवा. मावशीला ऐनवेळी कळलं की आज फक्त उजवा पाय आहे.

सहावी पायरी: त्या दिवशी आणि त्यानंतर

तातडी नसेल तर दिवस असा निवडा की नंतरचे पंधरा दिवस चिखलात किंवा कडक उन्हात जाणार नाहीत. आमच्याकडं रोपलावणीच्या आधी कुणी करून घेत नाही ते बरोबरच. सुगी आटोपल्यावर, थंडीत, मोजेही सोसतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, पूर्वीची गुठळी, ऍलर्जी हे सगळं कागदावर लिहून न्या. सैल कपडे, सैल चप्पल. दागिना पायात नको, जोडवीसुद्धा काढून ठेवा, पट्टी आणि मोजा चढवताना अडतात.

उपचार तासाभरात होतो आणि लगेच उठून चालायला सांगतात. ते मनापासून चाला. मला दवाखान्याच्या व्हरांड्यात अर्धा तास फेऱ्या मारायला लावल्या होत्या. घरी गेल्यावर 'ऑपरेशन झालंय, पडून रहा' म्हणणारे खूप भेटतील, त्यांचं ऐकू नका. पोटरी चालली की खोल शिरांतलं रक्त हलतं. रोज दोन-तीन वेळा वीस मिनिटं चालणं, बसल्यावर पाय वर. फोमनंतर मोजे किती दिवस ते डॉक्टर सांगतील, साधारण एक-दोन आठवडे. गरम पाण्याचा शेक, तेलमालीश, जड पोती उचलणं काही दिवस बंद. बंद झालेली शीर दोरीसारखी कडक हाताला लागते, थोडी दुखते, हे ठीक आहे. एखादी गाठ काळपट, ठसठसणारी झाली तर त्यात साचलेलं रक्त अडकलेलं असतं. डॉक्टर सुईनं ते काढतात आणि डागही कमी पडतो, म्हणून ती गाठ लपवू नका.

आठवड्याभरात परत डॉप्लर करून घ्या. शीर बंद झाली का, आणि गुठळी खोल शिरेकडं सरकलेली नाही ना, या दोन गोष्टींसाठी तो असतो. पाय बरा वाटतोय म्हणून शिपाईमामा गेले नाहीत. सहा महिन्यांनी शीर पुन्हा उठली तेव्हा ती बंदच झाली नव्हती की नंतर उघडली, हे कुणालाच सांगता येईना.

एकदा केलं म्हणजे जन्माचं झालं असं नाही. दुसऱ्या शिरांच्या झडपाही याच पायात आणि याच घराण्यातल्या आहेत. माझ्या आईच्या दोन्ही पायांना हाच त्रास होता. फळ्यापुढं उभी असताना मी आता दर थोड्या वेळानं टाचा उचलते, वीस-वीसदा, आणि पोरंही बाकांमागं उभी राहून माझ्याबरोबर उचलतात. डावा पाय तीन वर्षं हलका आहे. उजव्या घोट्याजवळ गेल्या पावसाळ्यात एक निळी रेघ उठलीय. दिवाळीच्या सुट्टीत तिच्यासाठी डॉप्लरची वेळ घेतलीय, उभ्याचा, दोन्ही पायांचा.